अठ्ठावीस विरुद्ध बावीस

वातानुकूलन यंत्राच्या माहितीपत्रकात 'सर्वांना सुखद वाटेल असे तापमान' असे शब्द होते, आणि माझा पहिला आक्षेप तिथेच होता. 'सर्वांना' म्हणजे नेमके कोणाला, याची व्याख्या त्या कागदात कुठेही नव्हती. व्याख्येवाचून वापरलेला एक शब्द दस्तऐवजाची काय दशा करतो, हे मी न्यायालयाच्या कचेरीत नोकरीची सगळी वर्षे पाहिलेले आहे. मी कंपनीला तसे कडक पत्र लिहिले. उत्तरादाखल नवे माहितीपत्रक आले. त्यातही तेच वाक्य होते, फक्त अक्षरे मोठी.

हिंजवडीच्या कंपन्या शेजारच्या माण गावाच्या शिवारात सरकत होत्या, त्या वर्षांतली ही हकीकत. मी निवृत्त झालो आणि त्या कंपन्यांपैकी एकीत नोकरीला असलेल्या मुलाने आम्हा दोघांना सोलापूरहून आपल्याकडे आणले. घर भाड्याचे होते. घरमालकांनी स्वतःच्या भाताच्या खाचरावर तीन मजले चढवले होते आणि तळमजल्यावर ते राहत. त्यांना सगळे आबा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. आमचा मजला सगळ्यात वरचा, म्हणजे उन्हाळ्यात छत तव्यासारखे तापे.

मी सोलापूरचा, मला त्याचे काही वाटले नाही. पत्नीचे माहेर महाबळेश्वराच्या डोंगरातले. सोलापुरात तिने इतके उन्हाळे काढले, पण उन्हाबद्दल कधी शब्द काढला नाही, असे माझे म्हणणे. तिचे म्हणणे असे, की शब्द पुष्कळ काढले, तुम्ही ऐकले नाहीत. या मुद्द्यावर लेखी पुरावा दोन्ही बाजूंकडे नाही.

मुलाने यंत्र घ्यायचे ठरवले. दुकानातल्या विक्रेत्याने खोलीची लांबीरुंदी, वरचे छत आणि पश्चिमेची भिंत यांची चौकशी केली, आणि दीड टनाचेच घ्या म्हणाला. खिडकीत बसणारे यंत्र स्वस्त होते. परंतु त्या खिडकीतून डोंगर दिसतो आणि तिच्यावरील हक्क मी सोडणार नव्हतो, म्हणून दोन भागांचे, भिंतीवर बसणारे यंत्र ठरले. त्यासाठी भिंतीला भोक पाडणे आले, आणि भाडेकरूने भिंतीला भोक पाडायचे म्हणजे मालकाची लेखी संमती आली.

"भोकच पाडायचंय न्हवं? पाडा की," आबा म्हणाले. "कागद कशाला, सायेब?"

"उद्या तुम्हीच म्हणाल, भोक कोणी पाडले."

"मी कशाला म्हनू? मला दिसंल की, तुमचं यंत्र लटकतंय त्ये."

तरीही मी सही घेतली.

यंत्र बसले आणि वाद सुरू झाला. तो केवळ तापमानाचा नव्हता, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. नोकरीत असताना माझ्या दुपारी कचेरीत गेल्या. जेवणानंतर एकाच खोलीत तासभर आडवे व्हायचे, मी लिहिलेल्या पत्रांचे मसुदे तिला वाचून दाखवायचे आणि तिने त्यांतली विशेषणे कमी करायची, हे सुख आम्हाला निवृत्तीनंतरच मिळाले होते. त्या तासात दोघांना मानवेल असा आकडा सापडला नाही, तर तो तासच जाणार होता.

तिचा आकडा बावीस. माझा अठ्ठावीस. ती बावीस लावी, मी कानटोपी चढवी.

"काश्मीरला कधी निघायचं?" ती विचारी.

ती स्वयंपाकघरात गेली की मी अठ्ठावीस करी. ती दारातूनच ओळखे.

"अहो, अठ्ठावीसच करायचं होतं, तर पोराचे पैसे कशाला घालवले? माळावर बसलो असतो."

"माहितीपत्रकात अठ्ठावीसला मनाई नाही."

"मग माहितीपत्रकालाच दाखवा तुमची पत्रं वाचून."

एके दिवशी तिने उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत पंख्याखाली चटईवर जाऊन पडली. पंखा गरम वारा फेकत होता. पण माघार घेणे तिच्या माहेरी कोणाला माहीत नाही. मी आत अठ्ठावीस अंशांत एकटा. वीज मंडळाला लिहिलेला एक चांगला संतप्त मसुदा हातात होता आणि ऐकायला कोणी नव्हते. असा आठवडा गेला. अखेर मी लवादाचा प्रस्ताव मांडला: वादाशी संबंध नसलेला तिसरा माणूस नेमावा आणि त्याचा निर्णय उभयतांवर बंधनकारक असावा.

मुलाने नकार दिला. "बाबा, ऑफिसमध्ये दिवसभर हेच करतो मी," तो म्हणाला. शिवाय यंत्राचे पैसे त्याने भरलेले, म्हणजे तो तटस्थ नव्हता. आबा मात्र पंचक्रोशीत बांधाच्या भांडणांत पंच म्हणून बसलेले. पत्नीलाही ते मान्य झाले. लवादाचा करार मी त्याच संध्याकाळी लिहून काढला.

दुसऱ्या दिवशी जेवण करून आबा वर आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खोली न्याहाळली.

"बांधाचा निकाल घरात बसून द्येत न्हाईत," ते म्हणाले. "बांधावर जाऊन हुबं ऱ्हावं लागतं. तुमी हितं झोपता न्हवं? मग मला झोपून बगाया पायजे. वैनी, आदी तुमचं बावीस लावा."

कार्यपद्धती निर्दोष होती. आबा माझ्या जागेवर आडवे झाले आणि थोड्याच वेळात घोरू लागले. चहाच्या वेळी उठून म्हणाले, "वैनीचं ऐकून घ्येतलं. सायबांचं उद्या."

माझी बाजू त्यांनी दुसऱ्या दिवशी जेमतेम पाच मिनिटे ऐकली. "ह्यात काय उमगत न्हाई," असे म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने वीस केले आणि कूस बदलली. तिसऱ्या दिवशी ते येताना घोंगडी घेऊन आले. चौथ्या दिवशी उशी.

मी कायदा पाहिला. लवादाला दूर करायचे तर त्याचे गैरवर्तन सिद्ध करावे लागते. आणि जिथे झोपणे हीच साक्ष घेण्याची रीत, तिथे झोपला म्हणून त्याला दोष कसा द्यावा? निकाल किती दिवसांत द्यायचा, याचे कलम करारात नव्हते. करार कोणी लिहिला हे पत्नीने पुनःपुन्हा विचारले. मी त्याचे उत्तर राखून ठेवले.

आबांची सुनावणी अशी पुढे सरकत राहिली आणि आम्ही दोघे रोज दुपारी बाहेरच्या चटईवर. आतल्या दाराखाली बोटभर फट होती, तिच्यातून गार वारा येई. पत्नी फटीकडे पाय करून निजू लागली. मी, थंडीविरुद्धचा पक्षकार, तिच्या शेजारी, फटीपासून अंमळ दूर.

"अहो," ती एकदा हळूच म्हणाली, "खोली आपली, यंत्र आपलं, आणि आपण फटीतला वारा खातोय."

"वीज बिलही आपले," मी म्हणालो.

तिला हसू फुटले. आत घोरणे क्षणभर थांबले, पुन्हा सुरू झाले. मग दबक्या आवाजात आमची बोलणी झाली.

"चोवीस," ती म्हणाली.

"सत्तावीस."

"पंचवीस. आणि यंत्राकडची बाजू माझी."

"बाजू दिली. सव्वीस. आणि कानटोपीवर बोलायचे नाही."

तिने उशी दोनदा उलटसुलट केली. कानटोपीचे कलम तिला जड गेले असावे. "बरं," ती म्हणाली, "सव्वीस."

आबा चहाला उठले तेव्हा मी त्यांना रीतसर कळवले, की पक्षकारांनी आपसांत तडजोड केली असून लवादाचे काम संपले आहे.

"आसं कसं?" ते उठून बसले. "माजं ऐकनं आजून चाललंय."

"वादच उरला नाही, आबा."

"तडजोड झाली, तरी म्हैनाभर नजर ठिवावी लागती. लोकं दगड सरकिवत्यात."

"दगड सरकला तर पहिलं तुम्हालाच कळवू," पत्नी म्हणाली आणि कपबशी त्यांच्या हातात दिली. चहा संपवून आबांनी घोंगडी खांद्यावर टाकली, उशी काखोटीला मारली आणि यंत्राकडे एकदा पाहून जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपली उशी घेऊन खोलीत आली. आकडा सव्वीसवर होता. मी पायमोजे घातले. त्यांचा करारात उल्लेख नव्हता.

"थंडी वाजतेय का?" तिने विचारले.

"नाही," मी म्हणालो. "तुला उकडतंय?"

"छे," ती म्हणाली, आणि पदराने वारा घेत पडून राहिली.