कुत्र्याचं नाव मी बदलणार नाई

मंडळी, आज डोकं जाम सटकलं आहे.

सकाळी अंगणात कपडे वाळत घालत होती, तं पालिकेचे दोघं जण गेटात उभे. मले वाटलं, कुत्र्याचं लायसन पाहाले आले. लायसन दाखवलं, रेबीजच्या सुईचं कार्ड दाखवलं, गळ्यातला पट्टाही दाखवला.

तं साहेब म्हणे, "बाई, ते सगळं ठीक आहे. पण त्याचं नाव बदला."

आमच्या कुत्र्याचं नाव बिबट. अन् आमच्या चंद्रपूर भागात बिबट म्हटलं का कोणी मजाक समजत नाई. मी "बिबट, इकडे ये!" ओरडली का लोकं लेकरं उचलून घरात पळतात, अशी शेजारच्या भाऊंची तक्रार.

मी म्हटलं, "कुत्र्याचं नाव काय ठेवाचं, हे कोणत्या नियमात आहे? दाखवा."

साहेब हातातले कागद चाळाले लागले.

अन् हे नाव मी हौसेनं नाई ठेवलं. मागच्या हिवाळ्यात खरा बिबट आमच्या भिंतीवर येऊन बसला होता. सगळ्यांनी दारं लावून घेतली. हा एकटा अंगणात उभा राहून भुंकत राह्यला, तो जंगलाकडे निघून जाईपर्यंत. तवापासून गल्लीनंच त्याले हे नाव पाडलं. त्यात हेच भाऊ पुढं होते!

साहेब निघाले, पण गेट लावाले विसरले. कुत्रा सुसाट बाहेर. साहेबच जोरानं ओरडले, "अरे, बिबट सुटला!"

सारी दारं धडाधड बंद.

आता तुम्हीच सांगा, गल्ली घाबरवल्याची तक्रार कोणाच्या नावानं करू?