क्लच गेला, बाजूला व्हा!

ज्या गावांच्या शेतांवर भिलाईच्या पोलाद प्लांटच्या चिमण्या उभ्या राहिल्या, त्याच गावांच्या वांग्या-टमाटरांना टाउनशिपच्या बाजारात बसायला ओटा मिळत नव्हता. हे मी पत्रकात लिहिलं तेव्हा मला राग आला होता, आणि आत्ता लिहितानाही तो तसाच येतो. सगळे ओटे एका ठेकेदाराच्या माणसांनी अडवले होते. गावातून भाजी उचलायची ती त्यांनी आणि कामगाराला विकायची तीही त्यांनीच. आम्ही युनियनवाल्यांनी पत्रकं छापली, शिफ्ट सुटताना वाटली, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. शेवटी बाजारबाबूने एक ओटा सोडला. एकच! वर अट: पहिल्या रविवारी बाजाराची घंटा होताना विकणारा मालासकट ओट्यावर बसलेला दिसला पाहिजे, नाही तर ओटा परत ठेकेदाराला.

हा ओटा मिळाला माझ्या मावशीला. तिचं सासर कुरुदचं, विहिरीखाली थोडी बाग, आणि दारात एक जुना ट्रक. प्लांट उभा राहत असताना त्याने गिट्टी वाहिली होती, आता वांगी वाहायचा. चालवायचा तिचा दीर, म्हणजे माझा काका.

रविवारी सकाळी मी आणि बाबा सायकलीवर कुरुदला पोचलो, तर माल भरलेला, मावशी नवं लुगडं नेसून टोपलीवर बसलेली, आणि काका ट्रकखाली. त्याचे फक्त पाय दिसत होते.

"काय झालं गा?" बाबांनी विचारलं.

"गेर पडून नाही राह्यला. क्लच दाबला का पायदान ढिल्लं पडते. घाल्याले गेलो का कर्रकन वरडते."

मी तिथेच जाहीर केलं, "ठेकेदाराचं काम आहे! रात्री येऊन कोणीतरी नळी कापली."

शंका घेणं माझं कामच होतं. पुढच्या पत्रकाचं शीर्षकसुद्धा डोक्यात तयार झालं.

"रात्री ट्रकमंदी मीच झोपलो होतो," ट्रकखालून काका म्हणाला. "कापलं अस्तं तं मले समजलं अस्तं."

या ट्रकचा क्लच तारेवर ओढला जाणारा नव्हता, तेलाच्या दाबावर चालायचा. पायाजवळ ब्रेकच्या तेलाची डबी, खाली गेरबॉक्सपाशी छोटा सिलिंडर, मध्ये नळी. पाय दाबला की तेल ढकललं जातं आणि सिलिंडर क्लच सोडवतो. आम्ही आधी डबी पाहिली, काठोकाठ भरलेली. मग नळी पाहिली, बोट फिरवून. कुठे ओल नाही. काका म्हणाला, आत हवा शिरली असेल, काढून पाहू. त्यासाठी एक काचेची बरणी हवी होती. मावशीच्या लोणच्याची रिकामी बरणी मी उचलली.

"ते बरनी नाही!"

"मावशी, ओट्याचा प्रश्न आहे."

"ओटा तुमचा, बरनी माही," ती म्हणाली, पण दिली.

बाबा पायदानावर, काका खाली, बरणी माझ्या हातात. "दाब!" "दाबला!" "धर!" काका स्क्रू ढिला करायचा, नळीतून बुडबुडे यायचे. "सोड!" असं बराच वेळ चाललं. पायदान घट्ट झालं, आम्ही हसलो, गेर पडला. दुसऱ्या खेपेला पुन्हा कर्र.

तेव्हा मी बरणीचा वास घेतला. ब्रेकच्या तेलाचा वास हा नव्हेच. हा बाबांच्या प्लांटमधल्या कामाच्या कपड्यांचा वास, माझ्या लहानपणापासून ओळखीचा.

काकाने सिलिंडर खोलला. आतलं रबर रात्रभर भिजवलेल्या वालासारखं टरारून फुगलं होतं, आणि जाग्यावरून हलायला तयार नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा चिमण्यांकडे पाहू लागले.

"बाबा."

"गेल्या हप्त्यात डबी कमी दिसली," ते म्हणाले. "मंग म्या आपल्या प्लांटच्या मशीनचं उरलेलं तेल टाकलं. डोंगराएवढी मशीन उचलते बे ते तेल! रशियन इंजिनेरच्या समोर टाकतो आमी. याचा क्लच का उचलनार नाही?"

"त्या मशीनीचं रबर त्याच तेलासाठी बनवते भाऊ," काका कपाळाला हात लावत म्हणाला. "याले ब्रेकचंच तेल पायजे."

मावशी टोपलीवरून उठली. "भाऊजी, तुमच्या प्लांटनं आमची जमीन घेतली, ते घेतली. आता ट्रकबी?"

बाबा पोलाद बनवत होते, सगळा देश बनवत होते, आणि आपल्या हातचं चांगलं ते सगळ्यांना देत होते. प्लांटवाल्यांच्या घरात हे असंच चालतं: शेजाऱ्याचं दार करकरलं तरी प्लांटचं तेल पुढे करतात.

नवं रबर दुर्गला. दुर्गची दुकानं रविवारी बंद. माझा संताप अनावर झाला, पण कोणावर करणार? घरच्याच माणसावर पत्रक काढता येत नाही.

काका म्हणाला, "बिगर क्लचचं नेतो. पयल्या गेरमंदी टाकून स्टार्टरचा सेल्फ मारतो, दणका देऊन निघन. मंग इंजिनचा आवाज आयकून गेर बदलता येते. फक्त थांबता येनार नाही."

"आणि समोर माणसं आली तर?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पत्रकं वाटताना वापरायचो तो पत्र्याचा भोंगा सायकलीला टांगलेला होता.

मी मडगार्डवर बसलो. ट्रकने बेडकासारखी उडी मारली, बाबा मागे टोपल्यांत पडले, आणि आम्ही निघालो. "क्लच गेला, बाजूला व्हा! क्लच खराब है, हटो!" बैलगाड्या हटल्या, म्हशी हटल्या. रस्त्यावरची दोन-चार पोरं सवयीने ओरडली, "झिंदाबाद!" सायकलवाले मागे लागले. "किसका मोर्चा है भाई?"

"क्लचचा!"

आणि रेल्वेचं फाटक लागलं. बंद.

काकाने इंजिन बंद करून ट्रक थांबवला. मालगाडी गेली, फाटक उघडलं, काकाने पुन्हा सेल्फ मारला. सेल्फ एकदा कण्हला आणि गप्प झाला. पलीकडे टाउनशिप दिसत होती. मावशीने ताडपत्रीचं टोक मुठीत धरलं. एवढे दिवस मी तिला हक्क समजावत होतो, ते हातचे जाताना तिचा चेहरा कसा होतो ते मी तेव्हा पाहिलं.

मी भोंगा तोंडाला लावला. पत्रकाची भाषा सुचलीच नाही. "भाइयों, धक्का मारो! वांगी-टमाटर है, हमारी मावशी का है, बाजार को जाना है!"

फाटकावर खोळंबलेले सगळे सायकली टाकून आले. तेलुगू, बिहारी, छत्तीसगढी, आमचे नागपूरकडचे. बाबा सगळ्यांच्या पुढे, खांदा लावून. "जोर लगा के!" ट्रक हलला, काकाने चालत्यातच गेर ठोकला, इंजिनने धूर सोडला, आणि रुळांवरून आम्ही धाडधाड पार झालो. जमाव सायकली उचलून मागोमाग.

बाजारात ठेकेदाराचा माणूस आमच्या ओट्यावर कोबी मांडतच होता. समोरून न थांबणारा ट्रक, मडगार्डवर ओरडणारा मी, मागे सायकलींचा लोंढा. त्याने कोबी उचलला आणि पळाला. काकाने चाक ओट्याच्या पायरीला टेकवून इंजिन बंद केलं. टमाटर घरंगळले.

बाजारबाबू म्हणाला, "ट्रक आला, पण विकणारा ओट्यावर पाहिजे."

मावशीने ट्रकवरून थेट ओट्यावर उडी घेतली, टोपली मांडीत ओढली. "आता वाजव तुही घंटी."

घंटा वाजली. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे फाटकावरचेच सगळे, आणि प्रत्येकाची मागणी एकच: धक्का मारला आहे, भाव कमी करा. मावशीने एक पैसा कमी केला नाही, पण प्रत्येकाला कोथिंबिरीची जुडी फुकट दिली.

शेवटी बाबांनी हात पुढे केला.

"तुमाले नाही भाऊजी," ती म्हणाली. "उद्या दुर्गहून रबर आना. आन् माही बरनी धुऊन द्या."