वास घेताना

बाबांचा आजार बरा होण्यातला राहिला नव्हता. अखेरच्या दिवसांत त्यांना कुठे ठेवायचं हे ठरवायला मी एक शुश्रूषाकेंद्र बघायला गेले. "आत शिरताच वास घे, सगळं कळतं," असं मैत्रिणीने बजावलं होतं. म्हणून एका खोलीच्या दारात थांबून मी खोल श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

खिडकीजवळच्या खाटेवरून एक आजी माझ्याकडे बघत होत्या.

"माझा वास येतोय का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी नाही नाही म्हणत पुढे झाले. शेजारी बसलेल्या नर्सने त्यांचा हात हातात घेतला. "नाही हो आजी. सकाळीच नाही का आपण केसांवरून अंघोळ केली?"

मला हवं ते उत्तर तिथेच मिळालं. बाबांना इथेच आणायचं. पण जिथे कुणी आपले शेवटचे दिवस काढतंय, त्या दारात मी उतरलेलं अन्न हुंगावं तशी उभी होते, याची लाज जाईना.

निघताना मी आजींना नमस्कार केला. त्या हसल्या आणि त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.