भेटीची वेळ चार ते सहा

उल्हासनगर कॅम्पातलं लष्कराचं जुनं इस्पितळ कुणाच्या ताब्यात द्यायचं, हे सरकारचं काही केल्या ठरत नव्हतं. मी मोजणी कारकून. साहेब आणि मोजणीची साखळी धरणारा शिपाई यांच्याबरोबर जागा बघायला गेलो, तर फाटकावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने अडवलं. "भेटीची वेळ चार ते सहा."

"अहो, आत एकही पेशंट नाही!" साहेब ओरडले.

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

चारपर्यंत आम्ही उन्हात बसलो. मग त्याने दोघांनाच आत सोडलं, तेही बूट काढून. शिपाई साखळीसकट बाहेर राहिला, म्हणजे मोजणी बोंबललीच. आत नुसत्या रिकाम्या खाटा. पलीकडच्या बराकीत मात्र एकेका खोलीत फाळणीत आलेल्या निर्वासितांची चार-चार कुटुंबं, मध्ये चादरींचे पडदे. रखवालदार चालताना भिंतींवर तळवा टेकवायचा, ताप बघावा तसा.

"मग पेशंट कोण?" मी हळूच विचारलं.

त्याने भिंत थोपटली. "ही काय. बघायला समदे येतात, सायेब. चुकचुकतात, जातात. घरी न्यायला कुणी येत नाय."

वर्षभराने आम्ही पुन्हा पाहणीला गेलो. साहेबांनी न सांगता बूट काढले, पिशवीतली मोसंबी ओट्यावर ठेवली आणि दबक्या आवाजात भिंतीला विचारलं, "आज कसं वाटतंय?"