अबू रागिबची कॉफी कुणी प्यायली

नाव: नुअमान, थोरल्या मुलावरून अबू रागिब. राहणार: खलील शहर, लष्कराच्या तपासणी गेटच्या आत. वय सदुसष्ट. धंदा: बूट शिवणे; सध्या बंद, कारण दुकान गेटच्या आत आणि गिऱ्हाईक बाहेर. निवासी क्रमांक: आहे. उंची मध्यम, मिशी मध्यमाहून अधिक. कमरपट्टा: प्रत्येक खेपेस काढावा लागतो, तपासणी होईपर्यंत इसम पँट हाताने धरतो. घरी येणारे पाहुणे: क्रमांक नसल्यास प्रवेश नाही. वर्तन: शांत, पण अडेल.

गेटवरच्या नोंदवहीतल्या या मजकुरातला शेवटचा शब्द सैनिकांचा म्हणून सोडून देता आला असता, पण नुअमानची बायकोही तेच म्हणायची. खलीलच्या माणसांच्या डोक्यावर खिळा ठोकला तर खिळा वाकतो, असं रामल्लावाले हसून सांगतात. नुअमानला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नसे.

त्याची मुलगी रिहाब एकतिसाव्या वर्षीही घरीच होती. शाळेत गणित शिकवायची, दिसायला चांगली, बोलायला जरा जास्तच चांगली. तिला दोन स्थळं आली आणि गेटवरूनच परत गेली. मागणी घालायला मुलाकडची वडीलधारी माणसं मुलीच्या घरी येतात, त्यांना कॉफी देतात, आणि त्यांचा म्होरक्या पेला खाली ठेवून म्हणतो, आमचं मागणं मान्य होईपर्यंत मी पिणार नाही. बाप ‘दिली’ म्हणाला की पेला उचलायचा. पण म्होरक्याकडे निवासी क्रमांक नव्हता, आणि नुअमानचा हट्ट असा की पेला ठेवायचा तर माझ्या घरात.

“तुम्हीच बाहेर जाऊन बोला ना,” रिहाब म्हणायची.

“माझी मुलगी म्हणजे काय गेटवर सही करून सोडवायचं पार्सल आहे?”

तिसरं स्थळ शेजारच्या दुरा गावचं होतं. मुलगा जौदत, दातांच्या कवळ्या करायचा, आणि रिहाबला तो आवडला होता. हे तिने बापाला सांगितलं नव्हतं. फक्त एवढंच सांगितलं होतं, की हे स्थळ परत गेलं तर ती जन्मभर घरात बसून त्याला पाढे म्हणून दाखवील.

गुरुवारी दुपारी जौदतचा काका, हाजी मिस्बाह, कोट घातलेली तीसेक माणसं घेऊन गेटबाहेर उभा राहिला. सैनिकाने यादी बघितली, माणसं बघितली आणि मान हलवली. नुअमान आतल्या गजांपाशी आला तो त्यांना निरोप द्यायला. पण दारी आलेल्याला कॉफीशिवाय परत कसं पाठवणार? म्हणून किटली, पेला आणि मागोमाग रिहाब असा सरंजाम होता.

“हाजी, कॉफी घ्या आणि सांभाळून जा.”

“घेतो की. खाली ठेवायला घेतो.”

“ही निरोपाची आहे!”

“माझ्या हातात आली की मागणीची होईल. आमच्या दुर्‍यातही डोकी आहेत, अबू रागिब.”

दोघांच्या मधे एक बोळ होता. त्यात धातू लागला की किंचाळणारं यंत्र, दोन्ही टोकांना फिरते गज, आणि मधोमध तोर्लाइफ. तोर्लाइफ नॉर्वेचा निवृत्त पोस्टमास्तर. असे स्वयंसेवक तीन-तीन महिने येतात, बरेच खिसे असलेलं जाकीट घालून गेटवर उभे राहतात आणि काय घडतं ते लिहून घेतात. नियम एकच: बघायचं, हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी त्याने कॉफीला नको म्हटलं होतं, तेव्हा नुअमाननेच त्याला झापलं होतं: “आमच्यात हातात आलेली कॉफी नाकारली तर तो अपमान. प्यायची, आणि पुरे झालं की पेला हलवून परत द्यायचा.” तोर्लाइफने हेही लिहून घेतलं होतं.

“अरे तोर्लाइफ,” नुअमानने हाजीकडे पोचवायला गजांतून पेला पुढे केला, “हे जरा घे.”

तोर्लाइफने घेतला. एका घोटात प्यायला. नीट हलवला आणि आभार मानत म्हणाला, “शुक्रन.”

गेटच्या दोन्ही बाजूंच्या माना रिकाम्या पेल्याकडे वळल्या; सैनिकही खिडकीतून डोकावला.

“अबू रागिब,” हाजीने घसा खाकरला, “पेला रिकामा झाला. म्हणजे मुलगी दिली. कोणाला दिली तेवढं सांग, म्हणजे आम्ही अभिनंदन करून जातो.”

मागच्या कोटांपैकी कुणाला तरी हसू फुटलं. नुअमानला संध्याकाळचा बाजार डोळ्यांसमोर दिसायला लागला. बूटवाल्याने पोरगी दिली, कुणाला? जाकीटवाल्याला. रामल्लापर्यंत जायला रात्रसुद्धा लागणार नव्हती.

“माझ्या घरात...” तो पुटपुटला.

“बाबा,” रिहाब मागून म्हणाली, “त्यांना नॉर्वेत बायको आहे. काय ते लवकर बोला.”

नुअमानने मिशीवरून हात फिरवला. गजाच्या या बाजूला अजून आपलंच घर आहे, असं त्याने स्वतःला पटवलं.

“दिली!” तो ओरडला. “जौदतला! जौदतला दिली!” दुसऱ्यांदा म्हणताना त्याने तोर्लाइफकडे रोखून पाहिलं.

तीस माणसांनी तळवे वर करून सोयरीक पक्की झाल्याची फातिहा म्हटली, आणि आतल्या गच्च्यांवरून बायकांनी जिभा घोळवून गजर केला. सैनिक बंदूक सावरत धावत बाहेर आला. “काय झालं? कोण मेलं?”

“कोणी नाही,” हाजी म्हणाला. “अबू रागिबला मला प्यायला पेला आण म्हणावं. माझा हक्काचा राहिला.”

तोर्लाइफने वहीत लिहिलं: दुपार, गेट सुरळीत. स्थानिक इसमाने निरीक्षकाला कॉफी दिली. अन्य घटना नाही.

लग्न बाहेर शहरातल्या हॉलमध्ये झालं. नुअमान पँट धरून वेळेवर पोचला.

सासरी गेलेल्या मुलीचा निवासी क्रमांक रद्द होतो. रिहाबचं माहेरपण शुक्रवारी गेटवर होतं. बाप आतून खुर्ची आणतो, ती बाहेरून.