गुरुजींची शिट्टी

मंडळी, आज उमरग्यात दुपारच्या शोला लई भारी घडलं!

पिक्चर होता आमच्या लहानपणीच्या ‘बिब्बा’ कॉमिक्सवरचा. हा बिब्बा गाव वाचवतो आणि जाताना सरपंचाचा बोकड पळवतो. पिक्चरवाल्यांनी त्याला सज्जन करून टाकला असेल, हीच धास्ती होती.

न्हाय केला! बोकड खांद्यावर टाकून बिब्बा निघाला आणि शेजारच्या खुर्चीतून शिट्टी आली. बघतो तर लोहाऱ्याच्या शाळेतले आमचे गुरुजी! वर्गात माझी हीच कॉमिक्स जप्त करणारे.

“गुरुजी, तुम्ही?”

“जप्त केलेली सगळी वाचलीत लेका. बोकड परत दिला असता, तर उठून गेलो असतो!”

गणितात अख्खा वर्ग तारला तो यांनीच. माझी कॉमिक्स मात्र अजून त्यांच्याच घरी.

तुमच्या शाळेत होता का असा एखादा बिब्बा?