शेवटच्या बाकापासून

गव्हर्नरांनी भर सभागृहात नवऱ्याचं नाव घेतलं, तेव्हाच आमदार वर्ना थिबोडोच्या मनात पाल चुकचुकली.

"कोल्बीच्या नदीवर आपण अर्मांड थिबोडो पूल बांधणार आहोत," अर्थसंकल्प मांडताना गव्हर्नर म्हणाले, आणि सगळे आमदार उभे राहून टाळ्या पिटू लागले. वर्नाही उभी राहिली. तिचे डोळे भरून आले, ते काही नाटक नव्हतं. जुना पूल पुरात वाहून गेल्यापासून कोल्बी गावाला मोठ्या इस्पितळाकडे जायला अठरा मैलांचा वळसा पडत होता. त्याच वळशावर, अँब्युलन्समध्ये, अर्मांड गेला. तेव्हापासून नऊ वर्षं ती पूल मागत होती आणि नऊ वर्षं तिला वाटाण्याच्या अक्षता मिळत होत्या. मग यंदाच एवढं प्रेम का उतू चाललंय?

बाई मुळातच संशयी. सत्तावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. फेरी संपली की शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, वाकून बघायचं, कुणी झोपून राहिलं नाही ना. मगच किल्ली खिशात. आमदार झाली तरी सवय सुटली नाही. बाकीचे आमदार अर्थसंकल्प पहिल्या पानापासून वाचत, ही शेवटच्या.

शनिवारी सकाळी गावच्या हॉटेलात ती ते जाडजूड बाड घेऊन बसली. दर जानेवारीत गावच्या साप्ताहिकात ती अर्थसंकल्पावर लिहायची. संपादक लाइल शाळेत तिच्याच वर्गातला, मजकूर न्यायला आला होता.

"'पूल आला' एवढं लिही आणि मोकळी हो," तो म्हणाला. "अगं, तुला फुकटचा डोनट दिला तरी तू भोकातून पलीकडे बघशील."

"फुकटचा असेल तर बघणारच."

तिने मागून चौथं पान उलटलं आणि तिचं बोट थांबलं. बारीक टायपात लिहिलं होतं: पुलामुळे मोठं इस्पितळ जवळ येत असल्याने कोल्बीच्या छोट्या इस्पितळातला प्रसूती विभाग अनावश्यक ठरतो, तो येत्या जुलैत बंद करावा. पूल तयार व्हायला मात्र तीन वर्षं.

वर्नाने तिथूनच गव्हर्नरांच्या कार्यालयात फोन लावला. पूल ठेवा आणि विभागही ठेवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. पलीकडचा माणूस लोण्यासारखा मऊ बोलला. "पूल बांधणं आणि विभाग बंद करणं, दोन्ही एकाच कलमात आहेत, वर्नाताई. घ्यायचं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही. आणि साहेबांनी नाव किती आपुलकीने सुचवलंय!"

तिने फोन ठेवला. तिला संताप आला होता, आणि सगळ्यात जास्त त्या आपुलकीचा. मेलेल्या नवऱ्याचं नाव पुढे केलं की म्हातारी मागची पानं उघडणार नाही, असा हिशोब होता त्यांचा.

"लाइल, लिहून घे. मी या कलमाच्या विरोधात मत देणार."

लाइलचा चेहरा पडला. "वेडी आहेस का? पूल जाईल. लोक तुला पुढच्या निवडणुकीत घरी बसवतील."

"बसवू देत."

"अगं, नऊ वर्षं भांडलीस या पुलासाठी!"

"म्हणूनच." तिने ते पान त्याच्यापुढे सरकवलं. "तीन हिवाळे, लाइल. बर्फात, कळा सोसत, कुणाची तरी पोर त्याच रस्त्याने जाणार. त्या रस्त्यावर अँब्युलन्समध्ये मी बसले होते, तू नव्हतास."

लाइलने वही काढली. तिने सांगितलं, त्याने उतरवलं. एक शब्दही त्याने बदलला नाही.

मग वर्नाने कोट चढवला आणि दर शनिवारसारखी नदीपलीकडच्या दफनभूमीकडे निघाली, अठरा मैलांच्या वळशाने. आज पहिल्यांदाच तिला अर्मांडला सांगायचं होतं, की हा वळसा तिने स्वतः मागून घेतलाय.